दहा वॅट पुरेत

४ फेब्रुवारी

भुंग्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, असं धरून चालते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा कागद बरा. पत्ता तुझ्या बॅन्डमधल्या जुन्या ड्रमवाल्याने दिला. तू फोटोंच्या चौकटी बनवणाऱ्या दुकानात कामाला आहेस हेही त्यानेच सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस, मी चार वेळा त्याच्या दारात जाऊन उभी राहिले होते.

कामाचं तेवढं विचारते. मला गिटारचा ॲम्प घ्यायचाय. कुठला घेऊ?

हसून घे. बावन्न वर्षांच्या बाईने गिटार शिकायला घेतली तर हसायचं नाही तर काय करायचं. तीन वर्षांपूर्वी तू तुझी गिटार इथे टाकून गेलास, ती कपाटावर पडून होती. पेटीवरची धूळ मी दर महिन्याला पुसत होते, पेटी उघडत नव्हते. डिसेंबरात उघडली. दोन तारा गंजून तुटल्या होत्या. त्या बदलून घेतल्या आणि आता दर रविवारी सकाळी वाद्यांच्या दुकानाच्या माडीवर शिकायला जाते. आम्ही नऊ जण आहोत. सगळ्यांत मोठी मी, माझ्याखालोखाल जो आहे तो एकोणीस वर्षांचा. मास्तर स्वतः पंचेचाळिशीचे असून मला 'मावशी' म्हणतात.

अडचण अशी की ॲम्पशिवाय ही तुझी विजेची गिटार डासासारखी किणकिणते. घरी सराव करताना चुकलं की बरोबर आलं हे मलाच कळत नाही. मग मी अक्कल चालवली. आईच्या जुन्या रेडिओला माइकची जागा होती ना, तिथे वायर खुपसली. आधी पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि मी भलतीच खूश झाले. दहा मिनिटांत फट् झालं आणि रेडिओने कायमचा राम म्हटला. आईचा रेडिओ होता रे. फार वाईट वाटलं. सांगायला घरात कुणी नाही, म्हणून तुला सांगितलं.

गादी बदलायची म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवलेत, त्यातच बसवायचंय. गादी अजून वर्षभर रेटेल.

एवढंच विचारायचं होतं. बाकी ठीक.

ताई


२७ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. (हे खोटं आहे. कामावरून आले की आधी पत्रांची पेटी उघडते, मग घराचं कुलूप.)

तेव्हा माझी मीच दुकानात गेले. दुकानदार मिशा रंगवतो आणि बोलताना त्या सारख्या चाचपतो, रंग निघाला की काय अशा काळजीने.

"कुणासाठी बघायचाय? मुलासाठी?"

"माझ्यासाठी."

"अरे वा! मग मोठाच घ्या. हा शंभर वॅटचा बघा. आयुष्यभर बदलायला नको."

"माझं आयुष्य दोन खोल्यांचं आहे हो."

"मग आवाज कमी ठेवायचा, त्यात काय!"

शंभर वॅट घेऊन आवाज कमी ठेवायचा, हे मला झेपेना. मग त्याने एक जडच्या जड धूड पुढे ओढलं. आत काचेच्या नळ्या होत्या, त्या दिव्यासारख्या पेटतात. म्हणाला, "यानं आवाजाला ऊब येते बघा." किंमत ऐकून मला आधीच घाम फुटला. तिसऱ्यात म्हणे साठ तऱ्हेचे आवाज भरलेले होते. मी म्हटलं, मला अजून एकच नीट काढता येत नाही, बाकीच्या एकोणसाठांचं काय करू?

शेवटी स्वारी दहा आणि वीस वॅटवर आली. "वीस म्हणजे दहाच्या दुप्पट आवाज," तो म्हणाला, आणि माझं टाळकं सटकलं. सव्वीस वर्षं इस्पितळात लोकांचे कान तपासतेय मी. पिशवीतून आमच्या खात्याचा आवाज मोजायचा मीटर काढला. साहेबांना विचारून आणला होता, चोरून नाही.

"हे काय? तुम्ही सरकारी माणूस आहात का?" मिशांवरचा हात तसाच राहिला.

"वाजवा," म्हटलं.

आधी दहाचा पूर्ण वाजवला, मग वीसचा. जेमतेम तीन डेसिबलचा फरक. दुप्पट सोडाच, पाठ फिरवून ऐकलं तर कुठला कुठला हेही पटकन सांगता येणार नाही. तो मीटरकडे बघतच राहिला. मी काय काम करते ते विचारलं, मी सांगितलं. मग दुकानातलं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "माझ्या उजव्या कानात दोन वर्षं शिट्टी वाजते हो. घरी कुणाला बोललो नाही."

म्हणजे ॲम्प घ्यायला गेले आणि पेशंट घेऊन आले. मंगळवारी ये म्हटलंय त्याला.

घरी चालत आले. पाठीवर गिटार असली की रस्त्यात लोक बाजूला होतात. एरवी मी जाते-येते ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आधी तुला विचारलं पाहिजे असं वाटलं, म्हणून घेतला नाही. वाट बघते.

ताई


१६ मार्च

भुंग्या,

तुझं कार्ड मिळालं. वर 'ताई' नाही, खाली नाव नाही, मध्ये चार ओळी. तुझ्या चार ओळी तुलाच लिहून दाखवते, म्हणजे मी नीट वाचल्या हे तुला कळेल:

"दहा वॅट पुरेत. आठ इंची स्पीकर बघ, सहाचा नको. हेडफोनची जागा असू दे. तुझी गिटार सोबत नेऊन तिच्यावरच ऐकून घे."

सात वेळा वाचल्या. तू 'तुझी गिटार' लिहिलंयस. ती तुझी आहे, माझी नाही. मी नुसती सांभाळते आणि अधूनमधून छळते.

हेडफोनचं मात्र जमणार नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कानांवर हेडफोन चढवते, घरी येऊन स्वतःच्या कानांवर चढवायला जिवावर येतं. शिवाय त्यात माणसाला आवाज किती वाढलाय त्याचं भान राहत नाही. तुला मी हे सांगायला नको.

मिशीवाला मंगळवारी आला होता. कानात मळाचा बोळा होता, बाकी काही नाही. काढल्यावर शिट्टी थांबली, तर दुकानदार लहान मुलासारखा रडला. काहीतरी मोठं दुखणं असेल या भीतीने दोन वर्षं बिचारा रात्रंदिवस मरणाचा विचार करत होता. आता तो मला सवलत देणार म्हणतोय.

चौकटीच्या दुकानात तुझं काम काय असतं? लाकूड कापायचं यंत्र मोठ्याने आवाज करतं का? कानांवर काही घालतोस का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण घालत जा.

आणखी एक. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला जे बोलले, ते फार लागेल असं बोलले. "जहाजावर जाताना कान धड होते, तूच त्यांची वाट लावलीस." हेच शब्द होते ना? माझं बोलणं तसं फटकळच, तुला माहीत आहे. त्या दिवशी जरा जास्तच झालं. तेवढ्यासाठी तीन वर्षं तोंडाला कुलूप लावायचं का, असं मला वाटायचं.

असो.

ताई


६ एप्रिल

भुंग्या,

या वेळी पानभर! मी चहा गार केला तुझ्यापायी.

जुना घ्यायचा तर काय काय बघायचं, ते तू लिहिलंस तसं सगळं केलं. काही न जोडता चालू करायचा, आवाज पूर्ण वर न्यायचा, बारीक 'सूं' आलं तर चालेल, 'घूं घूं' नको. आवाज वाढवायची मूठ फिरवताना खरखर आली तर ती नुसती धूळ. मागून स्पीकरचा कागद फाटलाय का बघायचं. तुझा कागद पिशवीत घालूनच गेले, बाजाराची यादी नेतात तसा.

विकणारा दातांचा डॉक्टर होता. पलीकडच्या गल्लीत राहतो. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "ॲम्पसाठी ना? आजच न्या हो." डॉक्टर मागून म्हणाला, "अगं, त्यांना ऐकू तर दे." "मी अकरा वर्षं ऐकलंय, त्यांना कशाला?"

मी तुझी गिटार लावली. 'सूं' ठीक, खरखर ठीक, कागद धड. पण आवाज बोजड, तोंडात घास कोंबून बोलल्यासारखा. वरचे सूर कुठे गायबच. मास्तरांनी हीच गिटार परवा वाजवली होती, तेव्हा ती अशी नव्हती. मग तुझ्या यादीतलं शेवटचं वाक्य आठवलं, मागच्या पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाच. वाकून वाचलं.

"डॉक्टरसाहेब, हा बास गिटारचा, जाड सुरांचा ॲम्प आहे. साध्या गिटारचा नव्हेच."

भुंग्या, त्या माणसाचा चेहरा! खाली बसला. स्वतः वाकून पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. म्हणाला, "अकरा वर्षं मला वाटत होतं माझाच हात जड आहे. दोन मास्तर सोडले मी. गेल्या महिन्यात ठरवलं, आपल्यात नाहीच ते, विकून टाकू." मग तो हसायला लागला, आणि मला म्हणाला, "आता मी विकत नाही. आधी धड ॲम्पवर एकदा वाजवून बघतो."

मी रिकाम्या हाताने परत आले. हसू यायला हवं होतं, पण वाटेत एकदाही आलं नाही. कारण तुझ्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळी. तू लिहिलंयस, "मी आता गिटारला हात लावत नाही. माझेच हात, माझेच कान, कुणाला दोष देऊ."

त्या ओळींचं उत्तर मला आज लिहिता येत नाही.

ताई


२० एप्रिल

भुंग्या,

घेतला. नवाच घेतला, मिशीवाल्याकडून. दहा वॅट, आठ इंची स्पीकर, पुढे पाचच मुठी. एक साधा आवाज, एक फाटका. गादीच्या पैशांत बसला आणि वर वायरही आली. पहिल्या पायरीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत मीच उचलून आणला, वाटेत दोनदा बसले.

मीटर लावून बघितलं. ॲम्पपासून हातभर लांब बसलं आणि आवाजाची मूठ तीनवर ठेवली, तर सत्तर डेसिबलच्या आसपास राहतो. आपण दोघं भांडायचो त्याहून कमी. तरी खालच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. मी खाली गेले. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजूनही आहेत असंच वागतात.

"आधी भावाने छळलं, आता बहिणीने सुरू केलं का?"

"संध्याकाळी सहा ते साडेसहा, बाई. रविवारी नाही."

"काय वाजवत होतीस?"

"सरगमच. अजून तेवढंच येतं."

"मग लवकर पुढचं शीक," म्हणाल्या आणि दार लावलं.

भुंग्या, ॲम्प चालू केला आणि पहिल्यांदा तुझ्या गिटारचा खरा आवाज या खोलीत आला, तेव्हा मी लगेच बंद केला. चुकलं म्हणून नाही. तू कोपऱ्यात पाय पसरून बसलायस असं वाटलं.

माझ्याच्याने आता एक गोष्ट मनात ठेववत नाही. उद्या सुट्टी काढलीय. उद्या लिहिते.

ताई


२१ एप्रिल

भुंग्या,

हे पत्र बसून वाच आणि एकट्याने वाच.

आमच्या तपासणीच्या खोलीत एक नियम असतो. आत बसणाऱ्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची, काचेकडे नाही. कामावर पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. काचेबाहेर मी आवाज सोडायला बटण दाबते तेव्हा माझा खांदा किंचित हलतो. समोर तोंड असलं की आतल्या माणसाला तो दिसतो आणि तो बोट वर करतो. तो फसवत नसतो. त्याला खरंच वाटतं की आवाज ऐकू आला.

नऊ वर्षांपूर्वी तू जहाजावरच्या बॅन्डच्या नोकरीसाठी कानांचा दाखला घ्यायला माझ्याकडे आलास. मी आधी तुला रीतसर, भिंतीकडे तोंड करून बसवलं. डाव्या कानाला वरचे सूर नीट ऐकू येत नव्हते, आलेखात तिथे मोठा खड्डा निघाला. मोठ्या आवाजाच्या धंद्यातल्या माणसांचा निघतो तसा. उजव्यात सुरुवात झाली होती. अशा वेळी काय लिहायचं ते ठरलेलं आहे. सहा महिने मोठ्या आवाजापासून लांब, मग पुन्हा तपासणी, आणि पुढे वाजवताना कायम कानांत बोळे. दाखला लगेच मिळत नाही.

मी आत आले आणि तुला म्हटलं, "मशीन अडलं, पुन्हा करू." आणि खुर्ची काचेकडे फिरवली. तू हसून म्हणालास, "हां, आता तुझं तोंड तरी दिसतंय." मग मी बटण दाबताना खांदा चांगला हलवला. दर वेळी. आणि तू दर वेळी बोट वर केलंस. पहिला कागद मी फाडून टाकला आणि दुसऱ्यावर सही केली.

तुझे कान जाताना धड नव्हते. मला ते माहीत होतं. तुला माहीत नव्हतं.

एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुझी नोकरी हुकू नये म्हणून केलं. असं ऐकायला कुणालाही बरं वाटतं, मलाही वाटायचं. पण ते खरं नाही. मला तू घरातून जायला हवा होतास. आई गेल्यावर त्या दोन खोल्यांत तू, तुझा तो चाळीस वॅटचा डबा आणि तुझे मित्र. मी दिवसभर कान ताणून मुंगीच्या पावलाएवढे आवाज ऐकवायचे, आणि घरी आले की भिंती थरथरत असायच्या. तुझ्याशी दहा वेळा भांडले, तू दहा वेळा सॉरी म्हणालास आणि पुन्हा तेच. जहाज म्हणजे सहा-सहा महिने शांतता. त्या शांततेपायी मी तुझे कान दिले. सहा महिने थांबला असतास, बोळे घातले असतेस, तर कान पुष्कळसे राहिले असते.

आणि तीन वर्षांपूर्वी तू परत आलास. स्वयंपाकघरात उभा राहून विचारलंस, "ताई, मी गेलो तेव्हा ठीक होते ना कान?" तू रागावला नव्हतास. नुसतं विचारत होतास. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी तुलाच बोल लावला, तोही ओरडून, कारण हळू बोललं असतं तर तुला ऐकू आलं नसतं.

तुझेच हात, तुझेच कान, असं तू लिहिलंस. हात तुझे होते. दोष माझा होता.

'माफ कर' असं चार वेळा लिहून खोडलं. माफी मागितली की तुझ्यावर काहीतरी उत्तर द्यायचं काम पडतं, आणि तुझ्यावर आणखी काही टाकायचा मला हक्क नाही. हा कागद तुझ्या डॉक्टरला दाखव, माझ्या खात्यात पाठव, हवं ते कर. मी नाही म्हणणार नाही.

ताई


२९ मे

भुंग्या,

उत्तर नाही. या वेळी खरंच धरलं नव्हतं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नऊ वर्षं झाली, आता कशाला उकरून काढता?" पण दुसऱ्या दिवसापासून दाखल्यांची कामं माझ्याकडून काढून घेतली. आता माझ्याकडे फक्त तान्ही मुलं येतात. त्यांचं बरं असतं. त्यांना आपल्यासाठी काही करून दाखवायचं नसतं.

दाराची घंटा वाजली की अजून वाटतं. परवा वाजली, तर विजेचा मीटर वाचायला आलेला माणूस होता. त्याला पाणी विचारलं, बसा म्हटलं, तो घाईत होता.

सहा ते साडेसहा वाजवते. एक गाणं अर्धं येतं.

ताई


२२ जून

भुंग्या,

तुझी चिठ्ठी काल मिळाली.

"गिटार परत पाठव. मी उगाच सोडली. तुझ्याबद्दल काय वाटतं ते मला आत्ता लिहिता येत नाही, पुढेही येईल की नाही माहीत नाही."

मी ती मिशीवाल्याला नाही दाखवली, मास्तरांना नाही, कुणालाच नाही. दिवसभर खिशात ठेवली. 'उगाच सोडली' एवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. तू पुन्हा वाजवणार आहेस, भुंग्या. मला हे एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आणि गिटार जाणार म्हणून रडूही आलं, ते लपवत नाही.

आज पाठवली. तारा सैल केल्यात, नाहीतर वाटेत मान वाकते, असं मास्तर म्हणाले. त्यांना सांगितलं की आता येणार नाही. म्हणाले, "मावशी, वर्गातली दुसरी गिटार आहे की." म्हटलं बघते. घरी आले, सहा वाजले, साडेसहा वाजले. खालच्या बाईंच्या घरचं भांडं पडलं तेही स्वच्छ ऐकू आलं. एकेकाळी हीच शांतता मला हवी होती. आता नको आहे, पण ती माझी मीच मिळवलेली आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करू.

तू फक्त गिटार मागितलीस. मी ॲम्पही पाठवलाय, वेगळ्या खोक्यात. चौकटीच्या दुकानात काम करून तू लगेच नवा घेशील असं मला वाटत नाही, आणि त्याच्याशिवाय गिटार नुसती किणकिणेल. मूठ तीनवर ठेव, पुढे नको. मुठीजवळ पांढऱ्या रंगाने खूण केलीय. पाकिटात बोळे आहेत, ते घालूनच वाजव. डॉक्टरकडे जाऊन कान पुन्हा तपासून घे. दुसऱ्या कुणाकडून, माझ्याकडून नको.

पार्सलच्या खिडकीवरच्या बाईने गिटारचा कागद झटकन भरला. ॲम्पच्या कागदावर मात्र अडली. "घेणाऱ्याने नाकारला तर काय करायचं? परत तुमच्याकडे पाठवायचा का? खूण करा."

मी पेन हातात धरून उभी राहिले. परत आला असता तर घरात निदान तो तरी असता. मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "बाई, आटपा." मी 'परत पाठवू नये' वर खूण केली.

तू तो घ्यावास असं मला फार वाटतं. पण नकोच असेल तर त्याचं ओझं बाळगू नकोस. तुझ्या भागात कुणी नव्याने शिकत असेल, त्याला देऊन टाक. शिकणाऱ्याला चांगला आहे. मी वाजवून बघितलाय.

ताई